उणे त्रेचाळीस

माझ्या कामात काही सांडत नाही, फुटत नाही, जळत नाही. बी.एस्सी.ला असताना ब्यूरेटची काचनळी हातात घेतली की माझी बोटे थरथरत. तिसऱ्या वर्षी आम्लाचा एक थेंब ओढणीवर पडला आणि त्याने पाडलेले भोक मी आईपासून महिनाभर लपवले. रसायनशास्त्र सोडायचे नाही, पण काचेला हात लावायचा नाही, हे तेव्हाच ठरले. असाही एक मार्ग असतो हे कळले तेव्हा मला फार हायसे वाटले. सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ रेणू तयार करत नाही. तो तयार झाला तर कसा वागेल हे संगणकावर आधीच काढतो. माझा विषय त्यातलाही अरुंद आहे. सोन्याच्या दोन टोकांमध्ये एकच रेणू तारेसारखा बसवला, तर त्यातून वीज किती वाहील? विजेची उपकरणे लहान करत करत माणूस कधीतरी एका रेणूपर्यंत पोहोचणार, आणि कोणता रेणू निवडायचा हे सांगणाऱ्यांत आपण असावे, अशी माझी महत्त्वाकांक्षा होती. ती मी कोणापासून लपवली नाही. आजही लपवत नाही.

आमचा विभाग लेण्यांच्या डोंगराखाली आहे. वरच्या मजल्यावर आम्ही गणितवाले, चार टेबले आणि काचेच्या खोलीत ठेवलेली संगणकांची एक छोटी रांग. खालच्या मजल्यावर प्रत्यक्ष रेणू बनवणारे. एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन्ही मजले चालतात. खालच्या मजल्यावर माझी एक मैत्रीण आहे. वेरूळच्या पलीकडच्या गावातली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पीएच.डी.त माझ्याहून एक वर्ष पुढे. मी सुचवलेले रेणू ती बनवते. त्या रेणूंच्या दोन्ही टोकांना गंधक असावे लागते, कारण सोन्याला धरून ठेवण्याचे काम गंधकच करते. आणि गंधकाच्या त्या संयुगांना इतका उग्र वास येतो की तो केसांतून दोन-दोन दिवस जात नाही. सिटी बसमध्ये तिच्या शेजारची जागा आपोआप रिकामी होई. "तुझं बरंय बाई," ती मला म्हणायची, "तुझ्या रेणूला वास येत नाय." मी हसत असे. ते खरेच होते, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

ज्या रेणूबद्दल मी लिहिते आहे, तो दिसायला साधा होता. कार्बनच्या दोन चपट्या कड्या एका बंधाने जोडलेल्या, दोन्ही टोकांना गंधक. दोन्ही कड्या एकाच पातळीत असल्या की विजेला सरळ वाट मिळते. एक कडी दुसरीला आडवी झाली की ती वाट तुटत जाते. हे या विषयातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मूळ रेणू माझ्या मैत्रिणीला वापरता येईना, कारण तो कशातच विरघळत नव्हता. तिने वर येऊन विचारले, "मधल्या बाजूला एक छोटा गट लावला तर विरघळंल. तुझं गणित बिघडंल का?" मी म्हटले, दोन दिवसांत सांगते. दोन दिवसांत मी सांगितले, "चालेल. फारसा फरक पडत नाही."

त्या उत्तरावर एक शोधनिबंध छापून आला. पहिले नाव माझे. त्यावरूनच परदेशातल्या एका नावाजलेल्या गटाने मला पुढच्या संशोधनासाठी विचारले आणि एक ऑनलाईन व्याख्यान ठरवले. त्याच उत्तरावर माझ्या मैत्रिणीने रेणू बनवला, शुद्ध केला आणि मोजणीसाठी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेकडे पाठवला. तिथून आलेला आकडा माझ्या भाकितापेक्षा फारच कमी होता.

ती बैठक मला नीट आठवते. आमच्याकडे दर शुक्रवारी सगळे एकत्र बसतात, चहा आणि खारी असते, आणि प्रत्येकाने आठवड्याचे काम मांडायचे असते. आमचे मार्गदर्शक सर मोजणीचा आलेख बघत होते. या क्षेत्रातली एक रीत अशी आहे की गणित आणि प्रयोग जुळले नाहीत की आधी नमुन्याकडे संशयाने बघतात. गणित कागदावर स्वच्छ दिसते. बाटलीतल्या पावडरीत काय असेल याची खात्री नसते. सरांनी मला विचारले, "तुझ्या बाजूने सगळं पक्कं?"

"हो सर. दोनदा तपासलंय."

मग सर तिच्याकडे वळले. "मटेरियल शुद्ध नाही. पुन्हा कर."

"सर, मी सगळ्या चाचण्या लावल्या होत्या. पट्टा एकच येतो, दुसरं काही मिसळलेलं नाही."

"तरीही काहीतरी राहिलंय. पुन्हा कर."

तिने आठ महिने पुन्हा केले. पहिल्यापासून, प्रत्येक पायरी, प्रत्येक पायरीनंतर दोन-दोन वेळा शुद्धीकरण. तिच्या फेलोशिपचे शेवटचे वर्ष चालू होते. दुसरा नमुनाही नापास झाला तर सर तिला दुसरा विषय देतील, आणि दुसऱ्या विषयाला वर्ष उरलेले नाही, हे तिला, मला, आणि विभागातल्या शिपाईकाकांनाही माहीत होते. नवा नमुना गुरुवारी कुरिअरने जायचा होता.

त्या आठवड्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी मी व्याख्यानाच्या स्लाईड बनवत होते. गणिताचा विषय ऐकणाऱ्याला कोरडा वाटू नये म्हणून रेणूचे एखादे कंपन हलत्या चित्रात दाखवावे असे मनात आले. रेणू कधीच स्थिर नसतो. त्याच्या प्रत्येक कंपनाला एक आकडा असतो, आणि प्रोग्रॅम ते सगळे आकडे चढत्या क्रमाने छापतो. आकडे सगळे अधिक असले म्हणजे रेणू खळग्याच्या तळाशी निवांत बसलेला आहे. एखादा आकडा उणे आला, तर रेणू तळाशी नाही, डोंगराच्या धारेवर तोल सांभाळून उभा आहे. जरा धक्का लागला की तो तिथून घसरणार. मात्र हिशेबातल्या बारीक चुकांमुळेही कधी कधी छोटा उणे आकडा येतो. म्हणून आमच्या कामात एक सवय पडून गेलेली आहे: उणे आकडा लहान असेल तर त्याकडे दुर्लक्ष करायचे. ही सवय कोणी शिकवत नाही. ती मोठ्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघता बघता लागते.

मी यादी उघडली. पहिली ओळ उणे त्रेचाळीस होती.

केवळ कुतूहल म्हणून मी त्याच ओळीचे चित्र चालवले. पडद्यावरची एक कडी डावीकडे वळली, दुसरी उजवीकडे. मग उलट. पुन्हा तसेच. हिशेबातली चूक अशी दिसत नाही. चुकीला आकार नसतो, अणू इकडेतिकडे नुसते थरथरतात. इथे मात्र दोन्ही कड्या एकमेकींपासून तोंड फिरवण्याचा शिस्तबद्ध प्रयत्न करत होत्या, आणि काहीतरी त्यांना रोखत होते. काय रोखत होते ते मला दोन मिनिटांत सापडले. मूळ रेणूची फाईल घेऊन मी तिच्यात नुसता तो छोटा गट जोडला होता, आणि वरच्या ओळीत सममितीची अट तशीच राहू दिली होती. त्या अटीमुळे गणिताचा वेळ निम्मा होतो. आमच्याकडे संगणकांपुढे नेहमीच रांग असते, दुपारी वीज जाते, त्यामुळे ती अट आम्ही सगळेच घालतो. पण त्या अटीचा अर्थ असा की रेणू सपाट आहे असे प्रोग्रॅमला आधीच सांगून ठेवायचे. तो त्याला वळू देतच नाही. नव्या गटाला जागा लागत होती, कड्यांना वळायचे होते, आणि मी त्यांना कागदासारखे दाबून धरले होते.

मार्च संपत आला होता, खोलीत पंखा गरम हवा फेकत होता. मी स्लाईडची फाईल बंद केली.

मी सममिती काढून टाकली, एक कडी किंचित वळवून दिली आणि गणित पुन्हा लावले. रविवारी दुपारी निकाल आला. रेणू माझ्या हातून सुटल्यासारखा वळला होता आणि कड्या जवळजवळ काटकोनाला जाऊन थांबल्या होत्या. वीज वाहण्याचा नवा आकडा काढला. तो छापलेल्या आकड्याच्या तिसाव्या हिश्शाइतका होता. मी दक्षिणेतून आलेला आलेख शोधून शेजारी ठेवला. दोन्ही आकडे जवळपास जुळत होते.

म्हणजे तिचा पहिला नमुना शुद्ध होता.

हे वाक्य मनात पुरते तयार व्हायच्या आधीच मी उठले आणि माझी कामाची वही काढली. ते गणित केले त्या दिवसाचे पान सापडले. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत: "उणे ४३. किरकोळ. सोडले."

तोवर मला वाटत होते की आकडा माझ्या नजरेतून निसटला असेल. निसटलेल्या गोष्टीची माणूस माफी मागू शकतो. मी तो बघितला होता, तोलला होता आणि सोडला होता. आणि नंतर बैठकीत दोनदा तपासल्याचे सांगितले होते, जेव्हा एकदाच तपासले होते.

पान फाडायचा विचार माझ्या मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. पानांवर क्रमांक छापलेले असतात, म्हणून फाडले नाही. त्यात माझ्या प्रामाणिकपणाचा काही भाग नव्हता.

सोमवारी मी भीतीचेही गणित मांडले. ही चूक कोणाला सापडू शकेल? निबंध तपासणाऱ्यांना सापडली नव्हती. यादी छापलेल्या निबंधाला जोडलेली नव्हती. कोणीतरी पाच वर्षांनी तोच रेणू पुन्हा काढायला घेतला तर. तोवर मी कुठल्या कुठे गेलेली असेन. शक्यता फार कमी होती. 'फार कमी' हे शब्द मी मनाशी उच्चारले आणि क्षणभर खरोखरच बरे वाटले. मग खालून जिना चढून तो वास आला. मैत्रीण दारात उभी होती, हातमोजे काढत.

"गणितवाली, चल चहाला. या बारीला असा साफ केलाय ना, आरशासारखा. आता तुझा आकडा नाय आला तर मी गावाकडं जाऊन शेळ्या राखते, बघ."

"चल," मी म्हटले. चहा प्यायलो. ती कुरिअरच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या किती ठेवायच्या याबद्दल बोलत होती. "तीन ठेव," मी म्हटले. माझे बिस्कीट बशीत तसेच राहिले.

मंगळवारी सकाळी गारखेड्याच्या घरी बाबा ड्यूटीवर निघायच्या तयारीत होते. ते चितेगावातल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहेत. आयुष्यभर त्यांनी यंत्राचे भाग मापले आहेत. मी डब्याची पिशवी त्यांच्या हातात देताना विचारले, "बाबा, तुम्ही एखादा भाग पास केला, आणि माल पुढे गेल्यावर कळलं की माप चुकलं होतं, तर काय करता?"

"लॉट थांबवतो."

"तसं नाही. म्हणजे चूक तुमचीच असेल तर?"

"आधी लॉट थांबवायचा," ते बूट घालत म्हणाले. "कुणाची चूक ते नंतर. पुढं गेलेल्या मालावर दुसरा माणूस काम करत असतो ना. त्याचे तास वाया चाललेले असतात." मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितले. "का गं? काय झालं?"

"काही नाही. असंच."

कारखान्याची बस आली आणि ते गेले. दुसऱ्या माणसाचे तास. आठ महिन्यांचे तास मी मोजायला घेतले आणि मोजणे मध्येच थांबवले.

बुधवारी अकरा वाजता मी खाली उतरले. ती शेवटचे शुद्धीकरण करत होती. काचेची उभी नळी, आत पांढऱ्या पावडरीचा थर, त्यातून पिवळा पट्टा सावकाश खाली सरकत होता. खालच्या तोटीतून पडणारे थेंब ती एकामागोमाग एका परीक्षानळीत धरत होती. हे काम मध्येच थांबवता येत नाही. थांबवले की पट्टा पसरतो आणि सकाळपासूनची मेहनत वाया जाते.

"आलीस का? नाक धर आधी," ती म्हणाली. "आणि लांब उभी राहा, तुझ्या परदेशी लोकांना कॅमेऱ्यातून वास यायचा."

"मला काहीतरी सांगायचंय."

"सांग की. हात कामात हायेत, कान नायत."

मी सांगितले. वाक्ये मी आदल्या दिवशी पाठ केली होती, तरी ती क्रमाने आली नाहीत. छोटा गट, सममितीची अट, कड्यांचे वळणे, तिसावा हिस्सा. ती नळ्या बदलत राहिली. चौथी, पाचवी, सहावी. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली.

"म्हणजे मी पयला पाठवला तो बरोबर होता?"

"हो."

"परत सांग."

"पहिलं सॅम्पल शुद्ध होतं."

"परत."

"तुझं पहिलं सॅम्पल शुद्ध होतं. मोजणीही बरोबर होती. माझं गणित चुकलं होतं."

तिने तोटी बंद केली. थेंब थांबले. नळीतला पिवळा पट्टा जिथे होता तिथेच, कडांनी फिकट होत, पसरायला लागला.

"मला कशाला सांगायलीस?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला ठाऊक होतं ना. सात बारी तपासला होता मी. मग तुम्ही सगळे म्हणलात, आणि मलाच वाटाय लागलं, आपल्या हातातच काय तरी खोट हाय. घरी गेले तर भाकरी थापताना बी तेच डोक्यात. हात धू धू धुतले मी."

तिने हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवली.

"कशी झाली पण? तू तर लई बारीक बघतीस."

इथे मी थांबायला हवे होते आणि नीट बोलायला हवे होते. "सममितीमुळे," मी म्हटले. "प्रोग्रॅमने सपाटच धरून ठेवला. कळलंच नाही."

तिने मान हलवली. "सरांना सांग. शुक्रवारी. खारी खात खात सगळे बसतेत ना, तिथंच. माझी चूक जिथं काढली होती तिथं."

सर एका तोंडी परीक्षेसाठी बाहेरगावी होते, शुक्रवारी सकाळी येणार होते. मी त्यांना संदेश पाठवला: "सर, छापलेल्या निकालात माझी चूक सापडली आहे. शुक्रवारी पंधरा मिनिटे हवी आहेत. नवा नमुना पाठवणे थांबवले आहे." उत्तर आले: "ठीक." गुरुवारचा संपूर्ण दिवस मी त्या एका शब्दाचे विश्लेषण करण्यात घालवला. सर एरवी "ठीक आहे" लिहितात.

शुक्रवारी आम्ही सात जण होतो. मी पडद्यावर आधी छापलेला आकडा दाखवला, मग वळलेला रेणू, मग नवा आकडा आणि प्रयोगाचा आलेख शेजारी शेजारी. सरांनी कप खाली ठेवला.

"किती फरक म्हणालीस?"

"तीसपट, सर."

"आणि प्रयोगाशी?"

"जुळतंय."

सरांनी आलेखावरची तारीख वाचली. मग माझ्या मैत्रिणीकडे वळून म्हणाले, "आठ महिने."

"साडेआठ," ती म्हणाली.

कोणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटले झाले, संपले. यापेक्षा वाईट आता काही नाही. तेवढ्यात तिने वही उघडली.

"मला एक इचारायचंय. दोन दिवस मी बी जरा वाचलं. असा दाबून ठेवला रेणू तर कंपनांच्या यादीत उणे आकडा येतो म्हणे." तिने माझ्याकडे बघितले. बुधवारपासून पहिल्यांदाच सरळ बघितले. "यादी काढली नव्हती का?"

उत्तर तयार होते. राहून गेली. संगणकांपुढे रांग होती, वीज गेली, यादी काढायची राहून गेली. त्या खोलीतल्या कोणालाही ते खोटे ठरवता आले नसते. विसरणे ही छोटी चूक असते, सगळेच विसरतात. मी टेबलाची कड धरली होती, हे मला नंतर, बोटांवर कडेचा वळ दिसला तेव्हा कळले.

"काढली होती," मी म्हटले.

"मग? आला नव्हता?"

"आला होता."

"दिसला नाय?"

"दिसला होता. वहीत लिहिलाय. किरकोळ म्हणून सोडून दिला."

सर म्हणाले, "वही आण." मी वर जाऊन आणली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मला वाटत होते की परत खाली जाऊच नये. सरांनी पान वाचले आणि वही तशीच उघडी टेबलावर ठेवली, सगळ्यांना वाचता येईल अशी.

"त्या वेळी मी विचारलं होतं. दोनदा तपासलं म्हणालीस."

"एकदाच तपासलं होतं, सर."

त्यांनी चष्मा काढला. ते ओरडतील असे मला वाटत होते; ओरडले असते तर बरे झाले असते. "नियतकालिकाला आजच लिहायचं," ते म्हणाले. "परदेशातल्या त्या गटालाही, व्याख्यानाच्या आधी, आजच. पत्रावर माझीही सही राहील. यादी मीही मागितली नव्हती." मग तिच्याकडे बघून, पण नजर न भिडवता, "तुझ्या पहिल्या नमुन्याची मोजणी प्रबंधात घे. वळलेल्या रेणूचा निकाल म्हणून. तो निकाल बरोबर आहे."

"व्हय सर," ती म्हणाली आणि तिने आपली वही मिटली.

ती माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. नियतकालिकाने दुरुस्ती छापायचे मान्य केले आहे. परदेशी गटाने व्याख्यान पुढे ढकलले आहे. दुरुस्ती आल्यावर पुन्हा बोलू, असे सभ्य उत्तर आले. सभ्य उत्तरांची मला आता धास्ती वाटते. रोज सकाळी मी ईमेलची पेटी उघडते, त्यांचे नाव दिसते का बघते, आणि दिसले नाही की सुटल्यासारखे वाटते.

दोन महिन्यांनी ती वर आली. चहाला बोलवायला नाही. तिने कोपऱ्यातले स्टूल माझ्या टेबलाशी ओढले, बसली आणि म्हणाली, "पुढच्याची यादी दाखव." तेव्हापासून हा नेम झाला आहे. मी सुचवलेल्या रेणूला हात लावण्याआधी ती वर येते, यादीची प्रत मागते आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचते. ती वाचत असताना मी दुसरे काही करू शकत नाही. आकडे मी आधी दहादा बघितलेले असतात, तरी तिचे बोट पहिल्या ओळीवर येते तेव्हा मला वाटते की तिथे आता काहीतरी वेगळेच छापलेले निघेल.

या सोमवारी तिने बोट पहिल्याच ओळीवर थांबवले. "अकरा."

"अधिक आहे," मी म्हटले. "उणे नाही."

"ते दिसायलंय मला. पण लई कमी हाय. काठावरचा हाय हा." तिने माझ्याकडे न बघता कागद टेबलावर ठेवला. "बारीक जाळीवर लाव परत. तवर मी बाटली उघडत नाय."

पूर्वीच्या सवयीने मी तो आकडा सोडला असता. कदाचित तो खरेच निरुपद्रवी असेल. मी गणित बारीक जाळीवर, म्हणजे आणखी काटेकोर हिशेबाने, पुन्हा लावले आहे. त्याला तीन दिवस लागतात. खाली तिने काचेची भांडी धुऊन पालथी घालून ठेवली आहेत. उद्या दुपारी यादी येईल, ती वर येईल, आणि पहिली ओळ आधी तिने वाचावी म्हणून मी फाईल उघडणार नाही.